मतविभाजन
मतविभाजन : एकाच मतदारवर्गावर भिस्त असलेले दोन उमेदवार रिंगणात असल्याने मते फुटणे आणि त्या वर्गाला नको असलेला तिसरा निवडून येणे. बोलीभाषेत ‘मते खाणे’. नागपुरात हिंदीतला ‘वोटकटवा’ही सर्रास चालतो.

लोकसभा-विधानसभेला ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. निम्म्या मतांची अट नाही. म्हणून चुरशीच्या लढतीत, एक षष्ठांश मतेही न मिळाल्याने डिपॉझिट जप्त झालेला उमेदवारसुद्धा निकाल फिरवू शकतो. अमेरिकेत 2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात बुश 537 मतांनी गोर यांच्यावर जिंकले, तिथे ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मते होती.

नागपुरात या चर्चेत उत्तर नागपूर या राखीव मतदारसंघाचे उदाहरण हमखास निघते. 2014 मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या. भाजपचे मिलिंद माने सुमारे 69 हजार मतांवर निवडून आले. बसपाचे किशोर गजभिये 55 हजारांवर, तर काँग्रेसचे नितीन राऊत 50 हजारांच्या आसपास राहिले. बसपाने काँग्रेसची मते खाल्ली, असे तेव्हाही म्हटले गेले. पण दुसऱ्या क्रमांकावर बसपा होती; मग कोणी कोणाची खाल्ली? 2019 मध्ये बसपाची मते निम्म्याहून खाली आली आणि राऊत निवडून आले.

‘खाल्ली’ म्हणताना ती मते आधीपासून कोणाच्या तरी मालकीची होती, असे गृहीत धरले जाते. हे मतदारावर अन्याय करणारे आहे. तिसरा उमेदवार नसता तर त्याचे काही मतदार घरीच बसले असते, काही विरुद्ध बाजूलाही गेले असते. नुसत्या बेरजेने मतविभाजन सिद्ध होत नाही. अर्थात, मुद्दाम उभे केलेले डमी आणि नावसाधर्म्याचे उमेदवार यांची गोष्ट वेगळी. तिथे मतदाराची सरळ फसवणूक असते.

दोष उमेदवारापेक्षा पद्धतीत अधिक आहे. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघात पद्धत वेगळी आहे. तिथे मतदार निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, गाठता आला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यात जातात.