'ग्रॅज्युअल': पायरीपासून उतारापर्यंत

इंग्रजीत 'ग्रॅज्युअल' म्हणजे हळूहळू, टप्प्याटप्प्याने होणारे. शब्दाच्या मुळाशी मात्र वेग नाही, पाऊल आहे. लॅटिनमध्ये 'ग्रादुस' म्हणजे पाऊल, पायरी आणि त्यावरून दर्जा. 'ग्रादी' म्हणजे पाऊल टाकणे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये यातून 'ग्रादुआलिस' हे विशेषण झाले आणि पंधराव्या शतकात ते इंग्रजीत उतरले. ग्रेड, डिग्री, ग्रॅज्युएट ही सगळी याच घरातली. 'इन्ग्रेडियंट'सुद्धा: आत पाऊल टाकणारा, मिश्रणात शिरणारा घटक.

मराठी वाचकाने हे कुटुंब संस्कृत 'क्रम्' धातूशेजारी ठेवून पाहावे. क्रम् म्हणजेही पाऊल टाकणे; वामनाला त्रिविक्रम म्हणतात ते तीन पावलांमुळेच. 'अग्रेशन'मध्ये कुणाच्या तरी दिशेने पाऊल आहे, तसेच ते आक्रमणात आहे. 'ट्रान्सग्रेशन'मध्ये पाऊल हद्दीपलीकडे पडते, तसेच अतिक्रमणातही. आणि 'ग्रॅज्युअली'ला आपल्याकडे क्रमशः आहेच. हे दोन धातू सगोत्र नाहीत, तरी दोन्ही भाषांना एकच कल्पना सुचली. 'प्रोग्रेस' आणि 'प्रगती' यांचे नाते मात्र निम्मे खरे आहे: 'प्रो' आणि 'प्र' मुळात एकच, पण 'गती' गम् धातूची.

'ग्रॅज्युअल' हे नामही आहे. कॅथलिक उपासनेत दोन वाचनांच्या मध्ये पायरीवरून गायच्या गीताला ते नाव पडले, पुढे अशा गीतांच्या ग्रंथालाही.

विशेषणाचा अर्थ आधी 'पायऱ्या असलेला' असा शब्दशः होता. सोळाव्या शतकात 'दर्जावार लावलेला' झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस आजचा अर्थ रुळला, आणि त्यात पायऱ्याच पुसल्या गेल्या. आज 'ग्रॅज्युअल स्लोप' म्हणजे जिथे एकही पायरी जाणवत नाही असा सौम्य उतार! म्हणूनच हा शब्द 'स्लो'च्या जागी घालू नये. 'स्लो' वेग सांगतो. 'ग्रॅज्युअल' बदल कसा होतो ते सांगतो, मध्ये उडी नाही एवढेच. एखादी प्रक्रिया संथ असूनही अधूनमधून झटके देत पुढे जाऊ शकते. तिला ग्रॅज्युअल म्हणता येणार नाही.

शेवट कधी, हे हा शब्द सांगत नाही. राजकारणात त्याचे मोल आणि धोका दोन्ही इथेच आहेत. २ एप्रिल १७९२ रोजी ब्रिटिश कॉमन्स सभागृहात विल्यम विल्बरफोर्स यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव मांडला. हेन्री डंडास यांनी त्यात 'ग्रॅज्युअली' हा एकच शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली. दुरुस्तीसह ठराव २३० विरुद्ध ८५ मतांनी मंजूर झाला. पुढे १७९६ ही मुदतही ठरली, पण लॉर्ड्स सभागृहात विषय रेंगाळला आणि व्यापारबंदीचा कायदा व्हायला १८०७ साल उजाडले. त्या काळात जहाजे माणसे वाहतच राहिली. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ मध्ये खुद्द गुलामगिरीच्या प्रश्नावर पत्रक काढले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'ताबडतोब, क्रमाक्रमाने नव्हे' अशी मागणी केली.

त्याच शतकात 'ग्रॅज्युअलिझम' हा शब्द घडला आणि त्याला दोन्ही बाजूंचे लोक मिळाले. १८८४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीने समाजवाद क्रांतीने नव्हे, कायद्यांच्या पायऱ्यांनी आणायचा, हेच धोरण ठेवले. याच सोसायटीतले सिडनी वेब यांनी १९२३ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात ही क्रमिकता अटळ असल्याचे सांगितले. याच्या अगदी उलट, २८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांनी ग्रॅज्युअलिझमला गुंगीचे औषध म्हटले आणि 'आत्ताच' या शब्दावर भर दिला.