एकच रात्र, तीन आकडे: पुण्याची लोकसंख्या मोजतात कशी?

पुण्याची लोकसंख्या किती, या प्रश्नाला 2011 च्या जनगणनेतूनच तीन उत्तरे निघतात आणि तिन्ही बरोबर आहेत. जनगणनेच्या तक्त्यात पुणे महानगरपालिकेपुढे 31,24,458 असा आकडा आहे. 2022 च्या प्रभागरचनेसाठी 35,56,824 ही लोकसंख्या धरली गेली, तर 2025 च्या प्रभागरचनेसाठी 34,81,359. जनगणना तिन्ही ठिकाणी तीच आणि मोजलेली माणसेही तीच. नंतरचा एकही जन्म वा मृत्यू या आकड्यांत धरलेला नाही.

हलली ती फक्त हद्द. 2017 साली 11 गावे महापालिकेत आली, 2021 साली आणखी 23. त्यांची 2011 मधली लोकसंख्या मिळवली की आकडा 4,32,366 ने वाढतो. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. फुरसुंगीचे 66,062 आणि उरुळी देवाचीचे 9,403 वजा केले की बरोबर तिसरा आकडा येतो.

येत्या जनगणनेचे आकडे हाती आल्यावर हे विसरून चालणार नाही. नवा आकडा जुन्या 31.24 लाखांशी ताडून ‘पुणे इतके टक्के वाढले’ असे कोणी म्हणेल, तर त्यातली 11.4 टक्के वाढ निव्वळ कागदावरची असेल. 2011 च्या जनगणनेत मोजलेल्या 3,56,901 माणसांचा हा फरक आहे. दरडोई 135 लिटर धरले तर एवढ्या माणसांना रोज सुमारे 4 कोटी 82 लाख लिटर पाणी लागते. खडकवासला धरणसाखळीतून शहराने किती पाणी उचलावे हा वाद दरवर्षी लोकसंख्येच्या आकड्याशी येऊन अडतो, त्यामुळे कोणता आकडा कोणत्या हद्दीचा, हे आधी स्पष्ट असलेले बरे.

गाव कशाला म्हणायचे, शहर कशाला?

जनगणनेतले गाव म्हणजे महसुली गाव: ज्याच्या हद्दी महसूल खात्याच्या नकाशावर आखलेल्या असतात ते. ग्रामपंचायत वेगळी, तिच्यात दोन-तीन महसुली गावे असू शकतात. वाड्या, वस्त्या, पाडे यांना जनगणनेच्या तक्त्यात सहसा वेगळी ओळ मिळत नाही. मुळशी, भोर किंवा आंबेगावच्या डोंगरी भागात एका गावाच्या पाच-सहा वाड्या ओढ्याओघळांपलीकडे विखुरलेल्या असतात, पण तक्त्यात सगळ्यांची मिळून एकच बेरीज दिसते. एखाद्या वाडीसाठी पाणी योजना आखताना गावाच्या एकूण आकड्यावर विसंबले तर हिशेब फसतो. उलट ज्या महसुली गावात कोणीच राहत नाही, ते बेचिराख गावही यादीत असतेच, शून्य लोकसंख्येसह. 2011 मध्ये देशभरात अशी वस्तीची आणि बिनवस्तीची मिळून 6 लाख 40 हजारांवर गावे होती.

शहरे दोन प्रकारची. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कॅन्टोन्मेंट बोर्ड असेल तर ते वैधानिक शहर. तशी संस्था नाही, पण लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400 आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तर ते जनगणना शहर. मुख्य कामगार म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेली व्यक्ती. या कसोटीत बायकांचे काम धरलेलेच नाही, ही मला तिच्यातली मोठी उणीव वाटते.

जनगणना शहरांची संख्या 2001 मध्ये 1,362 होती, ती 2011 मध्ये 3,894 झाली. म्हणजे ग्रामपंचायतीचा कारभार तसाच राहिला आणि आकडेवारीत गाव शहर झाले. यादी मात्र मोजणीच्या आधी करावी लागते, त्यामुळे ती जुन्या माहितीवर उभी असते. 2011 साठी कसोटी लावली ती 2001 मध्ये ज्या गावांची लोकसंख्या 4,000 किंवा जास्त होती त्यांना. मधल्या दहा वर्षांत एखाद्या माळावर टॉवर उभे राहिले असतील, तरी यादीत ते गाव ‘ग्रामीण’च राहते. पुण्याच्या कडेच्या गावांबाबत ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी.

तिसरी संज्ञा नागरी समूह. मुख्य शहर आणि त्याला चिकटून वाढलेली शहरे व वस्त्या मिळून तो होतो. 2011 मध्ये पुणे नागरी समूहाची लोकसंख्या 50,57,709 होती. त्यात पुणे महापालिका, 17,27,692 लोकसंख्येची पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे, खडकी व देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट आणि लगतचा थोडा भाग येतो. ‘पुण्याची लोकसंख्या सत्तर लाखांवर’ असे जे आकडे इंटरनेटवर दिसतात ते या समूहाचे अंदाज असतात, महापालिकेचे नव्हेत, आणि मोजलेले तर नव्हेतच.

मोजणीचा पाया: प्रगणक गट

गाव असो की महानगर, आकडा तयार होतो प्रगणक गटात. प्रगणक म्हणजे घरोघरी जाऊन माणसे मोजणारा कर्मचारी आणि प्रगणक गट म्हणजे त्या एकाकडे दिलेला भूभाग: साधारण सव्वाशे ते दीडशे घरे, साडेसहाशे ते आठशे माणसे. सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक आणि त्यांच्यावर चार्ज अधिकारी, तालुक्यात बहुधा तहसीलदार. सगळा भूभाग या गटांत वाटला गेला पाहिजे, मध्ये फट नको आणि दोन गट एकमेकांवर चढायलाही नकोत. ऐकायला हे सोपे आहे, पण चुका बहुतेक इथेच होतात. दोन गटांची सीमा एखाद्या बोळातून जाते आणि बोळाच्या टोकाची चार घरे दोन्ही प्रगणकांना ‘समोरच्याची’ वाटतात. म्हणून सीमा रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशा न हलणाऱ्या खुणांवर ठेवायची असते. 2027 च्या जनगणनेसाठी गट उपग्रह छायाचित्रावर वेब नकाशात आखण्याची सोय केली आहे, त्यामुळे फटी आणि आच्छादने बरीच कमी व्हावीत.

माणसे मोजण्याआधीचा पहिला टप्पा घरयादीचा, म्हणजे इमारती आणि घरे नोंदवण्याचा. 2011 च्या मोजणीपर्यंत प्रगणक आपल्या गटाचा नजरी नकाशा हाताने काढत असे. पक्की इमारत चौकोनाने, कच्ची त्रिकोणाने दाखवायची. ज्या इमारतीत कोणी राहत नाही, तिच्या खुणेत रेघा भरायच्या. क्रम बाणांनी दाखवायचा आणि इमारतींना ओळीने क्रमांक द्यायचे. एका इमारतीत एकाहून जास्त ‘जनगणना घरे’ असतील तर 10(1), 10(2) असे लिहायचे. क्रमांक घालून झाल्यावर दहा आणि अकराच्या मध्ये नवी इमारत उभी राहिली तर ती 10/1.

जनगणना घराची खूण म्हणजे रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून आत जायचे स्वतंत्र मुख्य दार. पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाज्यातून आत गेले की चौक, चौकाभोवती सात-आठ भाडेकरूंच्या खोल्या, मागच्या जिन्याने वर आणखी दोन बिऱ्हाडे आणि रस्त्याकडे तोंड असलेली तीन दुकाने. इमारत एक, घरे बारा-तेरा. प्रगणक चौकात उभा राहून विचारून निघून गेला तर मागचा जिना सुटतो. दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कामगार तर हमखास सुटतो, कारण दुकान ‘बिगरनिवासी’ लिहून पुढे जाण्याची घाई असते. त्यामुळे प्रत्येक दुकानात, गोदामात, बांधकामावर ‘रात्री इथे कोणी राहते का’ हे विचारावेच लागते.

घराच्या आत आणखी एक एकक असते: कुटुंब. जनगणनेच्या लेखी एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब, मग ती नात्याची असोत वा नसोत. नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची पाच मुले एका फ्लॅटमध्ये राहतात. ती मिळून स्वयंपाक करत असतील तर एक कुटुंब. पाचही जण वेगवेगळ्या मेसमध्ये जेवत असतील तर पाच स्वतंत्र कुटुंबे. वसतिगृह, तुरुंग, आश्रम यांना संस्थात्मक कुटुंब म्हणतात. एखाद्या भागात ‘सरासरी कुटुंब दीड माणसांचे’ असे दिसले तर चकित होण्याआधी तिथे खोल्या भाड्याने देणारे किती आहेत ते पाहावे.

कोणाला कुठे मोजायचे?

पूर्वी सगळ्यांना एका ठरलेल्या रात्री, जिथे असतील तिथे मोजत. 1881 ची पहिली एककालिक, म्हणजे सगळीकडे एकाच वेळी घेतलेली जनगणना 17 फेब्रुवारीला झाली ती अशीच, आणि 1931 पर्यंत तोच प्रघात होता. आता मोजणी दोन-तीन आठवडे चालते, पण आकडा एका क्षणाचा असतो. 2011 मध्ये हा संदर्भक्षण 1 मार्चच्या मध्यरात्री 00:00 वाजताचा होता. 9 ते 28 फेब्रुवारीत घरोघरी मोजणी झाली आणि 1 ते 5 मार्चदरम्यान प्रगणक पुन्हा फिरले. प्रगणक येऊन गेल्यावर, पण मध्यरात्रीच्या आधी जन्मलेले बाळ या फेरीत मिळवायचे, त्या काळात वारलेली व्यक्ती कमी करायची. 2 मार्चला जन्मलेले बाळ मोजायचे नाही, 2 मार्चला वारलेली व्यक्ती मात्र गणतीत राहते. बेघर माणसांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली: स्टेशन, पुलाखाली, देवळांच्या ओवऱ्यांत.

नियम असा की माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजायचा, मात्र मोजणीच्या काळात तो तिथे काही दिवस तरी असला पाहिजे. सगळा काळ बाहेर असेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. महाराष्ट्रात या एका नियमाने गावांचे आकडे हलतात. फेब्रुवारी म्हणजे ऊस गाळपाचा भर. बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत दौंड, बारामती, इंदापूर, शिरूरच्या फडांवर असतात. त्यांची गणती कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर व्हायला हवी, गावी नव्हे. त्यामुळे त्यांच्या गावांचा आकडा पावसाळ्यातल्या खऱ्या वस्तीपेक्षा कमी येतो आणि कारखान्यालगतच्या गावांचा फुगतो. त्यात टोळी फड बदलते. आज एका प्रगणकाच्या गटात, परवा दुसऱ्याच्या. एकदा मोजल्याची खात्री विचारूनच करावी लागते. पहाटे फडावर गेलेले कुटुंब दुपारी कोपीवर सापडत नाही, म्हणून तिथे अंधार पडल्यावरच जायला हवे.

शिकायला आलेल्या मुलांचे उलटे होते. लातूरला आई सवयीने मुलाचे नाव सांगते आणि पुण्यात खोलीचा मालक भाडेकरूंची संख्या कमी सांगतो. एक जण कधी दोनदा मोजला जातो, कधी दोन्हीकडे सुटतो.

किती माणसे सुटतात?

हे तपासायची पद्धत आहे. मोजणी संपल्यावर काही प्रगणक गट नमुन्यादाखल निवडतात, तिथे दुसरी माणसे पाठवून पुन्हा मोजणी करतात आणि दोन्ही याद्या नावानिशी जुळवतात. 2001 आणि 2011, दोन्ही जनगणनांत हजारी सुमारे 23 माणसे सुटली होती, आणि ग्रामीण भागापेक्षा शहरांत हे प्रमाण जास्त होते. ही तपासणी शहरवार किंवा गाववार दर देत नाही आणि प्रसिद्ध आकड्यांत त्यानुसार भरही घातली जात नाही. म्हणून 31,24,458 मधला शेवटचा 8 अचूक मानण्यात अर्थ नाही. वयांचेही तसेच. नेमके वय ठाऊक नसले की माणसे 30, 35, 40 असे सांगतात आणि वयाच्या तक्त्यात 0 व 5 वर संपणारे आकडे सुळक्यासारखे वर येतात.

कोथरूडची लोकसंख्या कुठे मिळेल?

थेट कुठेच नाही. कोथरूड, बाणेर, सदाशिव पेठ ही लोकांच्या तोंडची नावे आहेत, जनगणनेची एकके नव्हेत. शहराचे आकडे वॉर्डनिहाय मिळतात, पण वॉर्ड प्रत्येक निवडणुकीला बदलतात. 2017 आणि 2025, दोन्ही रचनांत पुण्यात 41 प्रभाग आहेत, पण ते तेच 41 नव्हेत. प्रभाग प्रगणक गट न फोडता, ते जोडून केले जातात. त्यामुळे दोन रचनांची तुलना करायची तर प्रभागांच्या अधिसूचनेतल्या सीमा नकाशावर मांडून गट जुळवणे हाच खरा मार्ग आहे.

नावावर भिस्त ठेवली तर आणखी घोळ होतो. बावधन खुर्द महापालिकेत आधीपासून आहे, बावधन बुद्रुक 2021 पर्यंत मुळशी तालुक्यात होते. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि वडगाव मावळ यांची सरमिसळ तर नेहमीचीच. यावर उपाय संकेतांकांचा. 2011 मध्ये महाराष्ट्राचा संकेतांक 27, पुणे जिल्ह्याचा 521 आणि प्रत्येक गावाला व शहराला सहा अंकी संकेतांक आहे. दोन तक्ते जोडताना नाव बाजूला ठेवून संकेतांक जुळवावेत. त्यातही पुणे शहर तालुका, पुणे महापालिका आणि पुणे नागरी समूह या तीन वेगळ्या ओळी आहेत.

2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता संदर्भक्षण 1 मार्च 2027 च्या मध्यरात्री 00:00 चा आहे. बर्फाळ भागांसाठी तो 1 ऑक्टोबर 2026. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठरला असून प्रत्येक राज्याला त्यातले 30 दिवस आहेत. या टप्प्यात 33 प्रश्न आहेत. नोंद मोबाइल ॲपवर होते, हवी तर स्वतःही भरता येते. गावांच्या आणि शहरांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 ला होत्या तशा गोठवल्या आहेत. त्यानंतर कोणते गाव महापालिकेत आले वा बाहेर गेले तरी 2027 च्या तक्त्यात ते जुन्याच जागी दिसेल.

उत्तर देणाऱ्यासाठी थोडे. जनगणना अधिनियम 1948 प्रमाणे उत्तर देणे बंधनकारक आहे. पण त्याच कायद्यात एक सवलतही आहे: नवऱ्याचे नाव घेण्याचा रिवाज नसेल तर बाईने ते सांगितलेच पाहिजे असे नाही. कलम 15 नुसार तुमची नोंद कोणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. घरमालकाने भाडेकरू लपवायचे किंवा भाडेकरूने घरातली माणसे कमी सांगायचे काही कारण उरत नाही. प्रगणकाला घरातली माणसे सांगताना तान्हे बाळ, आजारी आजी, रात्रपाळीला गेलेला मुलगा आणि घरी राहणारी कामवाली बाई यांची नावे मुद्दाम आठवून सांगावीत.