सात्या, कुटार आणि घरातलं मशरूम: थोडी पार्श्वभूमी

पाऊस लागला की नागपुरात दोन प्रश्न सोबतच सुरू होतात. एक म्हणजे लॉनवर उगवलेल्या छत्रीचा फोटो टाकून "हे खाता येते का", आणि दुसरा "घरी मशरूम लावायचंय, बी कुठं मिळेल". लोकांना हे दोन वेगळे विषय वाटतात पण मला विचाराल तर दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती छत्री कशावर उगवली.

आपल्याकडं ही नजर खूप जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अळिंब्यांचे प्रकार पाडलेत तेच मुळी त्या कशातून येतात त्यावरून: तणीस (पेंढा), ऊस, शेण, बांबू आणि जमीन. मला ही विभागणी फार आवडते कारण आजचा घरी मशरूम लावणारा माणूसही सुरुवात तिथूनच करतो. मनुस्मृतीत मात्र लसूण-कांद्याच्या ओळीतच कवकंही द्विजांना वर्ज्य सांगितलीत, म्हणजे काही घरांत मशरूम आजही चालत नाही ते काही नवीन नाही.

जंगलाला लागून असलेल्या गावांत खाणं कधी थांबलंच नाही. वारुळावर येणाऱ्या रानटी मशरूमला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं सात्या म्हणतात, कुठं टेकोडे, पण लक्ष वारुळाकडंच. टोपीच्या मधोमध एक कडक टोक असतं, त्यानं ती माती फोडून वर येते, आणि देठाच्या बाजूनं हळूच खणत गेलं तर तो संपतच नाही, मुळासारखा निमुळता होत खोल वारुळात जातो. खाली वाळवीनं पालापाचोळा, लाकूड चावून त्याची स्पंजासारखी भोकाभोकांची पोळी केलेली असते आणि त्यावर ही बुरशी वाढवलेली असते. वाळवी ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपासून करतेय! रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये या गटाला टर्मिटोमायसिस नाव दिलं, पण वाळवीशिवाय तिची व्यापारी शेती अजून कुणाला जमलेली नाही, म्हणून सात्या जंगलातूनच येतात आणि भावही तसाच असतो.

गावातल्या म्हाताऱ्या बाईला कोणतं वारूळ कधी देतं हे माहीत असतं, ती टोपी बघून ठरवत नाही, जागा, पाऊस, देठ, वास सगळं मिळून ठरवते. आपण शहरात फक्त टोपीचा फोटो बघतो, आणि गोंधळ तिथंच होतो. गवतावर येणारी क्लोरोफिलम नावाची छत्री घ्या, पांढरी, वर तपकिरी खपल्या, देठावर कडं, दिसायला एकदम खाण्यासारखी, पण खाल्ली की दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. कोवळी असताना टोपीखालचे पातळ पडदे पांढरेच असतात, नंतर हिरवट होतात. देठ काढून टोपी पडदे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका, सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो: क्लोरोफिलमचा हिरवट, सात्यांचा गुलाबीसर. पण गुलाबी ठसा आला म्हणून लगेच कढई चढवू नका, ठसा फक्त नापास करायला वापरायचा, पास करायला नाही.

सगळ्यात घातक अमॅनिटा नावाची छत्री. पांढरे पडदे, देठावर कडं, बुडाशी मातीत लपलेली वाटी, म्हणून छत्री वरून तोडून ओळखायला जाऊच नये, मुळापासून उकरावी. तिच्या काही जातींचं विष शिजवून जात नाही, त्रास सहा-बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मध्ये बरं वाटतं आणि तोवर लिव्हर गेलेलं असतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानटी मशरूम खाऊन १३ जण गेले, त्यात चहामळ्यांतली माणसं होती. चांदीचा चमचा काळा पडतो, किड्यानं खाल्लं म्हणजे चांगलं, या गोष्टींवर कृपा करून विसंबू नका.

आता पिकवण्याचं. पॅरिसच्या आसपास घोड्याच्या लिदीवर बटन मशरूम घ्यायचे, तूर्नफोर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७०७ मध्ये ती पद्धत लिहून ठेवली. भारतात बटनची सुरुवात १९६१ मध्ये हिमाचलात सोलनला झाली, तिथलं हवामान तसं आहे, पण छत्र्या यायला १६-१८ अंश लागतात, नागपुरात एसीशिवाय त्याच्या मागं लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या कामाची घटना वेगळी आहे. १९१७ च्या सुमारास जर्मनीत फाल्क यांनी लाकडाच्या ओंडक्यांवर ऑयस्टर म्हणजे धिंगरी मशरूम वाढवलं, आणि १९६२ मध्ये म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी तेच भाताच्या तणसावर घेतलं. लाकूड गेलं, तणीस आलं, ना कंपोस्ट ना लीद, आणि मशरूम साध्या घरात शिरलं. विदर्भात तर भंडारा-गोंदियाचं तणीस, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), बारीक केलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), सगळं चालतं. रात्रभर भिजवायचं, ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं, मुठीत दाबलं तर पाणी टपकू नये पण हात ओला व्हावा इतकंच, मग पिशवीत थर देत बी. बी म्हणजे गव्हा-ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेली बुरशी, म्हणजे काय उगवणार ते आधीच ठरलेलं, फक्त ते खात्रीच्या लॅबमधलं हवं. हिरवी-काळी बुरशी दिसली तर पिशवी फेकायची. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते, मग पिशवी कापून दिवसातून दोनदा पाणी फवारत राहायचं.

ऑयस्टरचा सीझन आपल्याकडं पावसाळा ते हिवाळा. उन्हाळ्यासाठी दुधी मशरूम आहे, १९७४ मध्ये बंगालमधून नोंदवलेली आपलीच जात, ३०-३५ अंशात खुशीत येते, फक्त पांढऱ्या झालेल्या पिशवीवर वाफवलेल्या माती-शेणखताचा इंच-दीड इंच थर द्यावा लागतो, मे महिन्यात कूलरच्या खोलीत तो थर सुकू न देणं हेच खरं काम.