ब्रोका की वेर्निके? वाचा जाण्याच्या दोन तऱ्हा

अर्धांगवायूचा झटका आला की घरचे सांगतात, ‘वाचा गेली.’ पण वाचा एकाच तऱ्हेने जात नाही. ब्रोका आणि वेर्निके या दोन वाचाघातांची (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडण्याच्या आजारांची) नावं आजही सर्रास उलटसुलट केली जातात.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा रुग्ण होता. काहीही विचारा, उत्तर एकच: ‘तां तां’. सगळे त्याला ‘तां’ म्हणूनच ओळखत. फारच चिडला तर एक शिवी मात्र स्वच्छ निघे! एप्रिल १८६१ मध्ये पाय सडू लागला म्हणून त्याला पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आणलं. इथे किती वर्षं आहेस, असं ब्रोकाने विचारलं. त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. बरोबर होतं. आठवड्याभरात तो गेला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात खड्डा पडलेला दिसला. तोच भाग पुढे ब्रोकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

कार्ल वेर्निकेचे रुग्ण याच्या अगदी उलट. १८७४ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने भरभरून बोलणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. लय ठीक, सूर ठीक, अर्थ मात्र हाती लागत नाही. समोरच्याचं बोलणंही त्यांना नीट उमगत नाही. इजा डावीकडेच, पण मागे, कानाच्या वरच्या अंगाला.

मराठीत ऐकायचं तर पहिला रुग्ण अडखळत म्हणेल, ‘भाजी... बाजार... काल.’ विभक्ती गळाली, क्रियापद गळालं, पण मुद्दा पोचला. दुसरा म्हणेल, ‘हो ना, ते कालचं मी तिकडून पटवलं, मग त्याचं ते टापडं झालं की!’ ब्रोकाच्या भागाशेजारीच हालचालींचा पट्टा असल्याने पहिल्याचा उजवा हात बहुधा लुळा पडतो आणि आजार चटकन ओळखू येतो. दुसरा धडधाकट चालतो-फिरतो, म्हणून घरचे त्याला भ्रमिष्ट समजतात. माझ्या मते त्याचीच कुचंबणा जास्त, कारण आपलं बोलणं चुकतंय हे अनेकदा त्याच्या लक्षातच येत नाही.

‘ब्रोका म्हणजे बोलणं, वेर्निके म्हणजे समजणं’ हे सूत्र पाठांतराला ठीक, पण अर्धंच खरं. ‘मुलाला मुलीने ढकललं’ यात पडलं कोण, हे सांगताना ब्रोकाचा रुग्णही गडबडतो. आणि तांचा जपून ठेवलेला मेंदू एमआरआयमध्ये पाहिला, तेव्हा इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून बरीच खोल गेलेली निघाली.

वेर्निकेची खरी कमाल मला वेगळीच वाटते. हे दोन भाग तंतूंच्या जुडग्याने जोडलेले असणार आणि तेवढं जुडगंच तुटलं तर तिसराच वाचाघात होणार, असं भाकीत त्याने केलं: ऐकलेलं कळेल, बोलणं सलग येईल, पण शब्द चुकतील. असे रुग्ण पुढे खरोखरच सापडले. त्यांना ‘माझ्यामागून म्हणा’ सांगितलं की ते अडतात.