माथाडी मंडळ

मालाची चढउतार, वाहतूक, थप्पी व तोलाई करणाऱ्या कष्टकऱ्यांची नोंदणी, मजुरी आणि कल्याण पाहणारी महाराष्ट्रातील वैधानिक संस्था. 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' अन्वये बाजारपेठ आणि व्यवसायांनुसार अशी वेगवेगळी मंडळे स्थापन झाली. किराणा, कापड, लोखंड, रेल्वे मालधक्के ही त्यांची ठळक क्षेत्रे.

मुंबईच्या मशीद बंदर परिसरातला हमाल सकाळी एका पेढीची पोती उतरवी आणि दुपारी दुसरीची. कोणत्याच हजेरीपटावर त्याचे नाव नसे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा यांतले काहीच त्याच्या वाट्याला येत नसे. पोते अंगावर पडून तो जायबंदी झाला, तरी जबाबदारी कुणी घेत नसे. सातारा, पुणे भागांतून आलेल्या या कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने आणलेली मंडळपद्धत पुढे त्यांनाही लागू झाली. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हाच लढा नेटाने चालवला.

मंडळावर मालक व कामगारांचे समान प्रतिनिधी आणि काही शासकीय सदस्य असतात. नोंदित मालकाने टोळीच्या, म्हणजे हमालांच्या गटाच्या, कामाची मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही (मजुरीखेरीजची जादा आकारणी) मंडळाकडे भरायची; मजुरी मंडळ कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, रजा, औषधोपचार यांची सोय करते. व्यापाऱ्यालाही याचा मोठा आधार आहे. तास-दोन तासांच्या कामासाठी दहा हमालांची स्वतंत्र खाती त्याला सांभाळावी लागत नाहीत आणि भरण्याच्या पावत्या हाच त्याचा पुरावा ठरतो. रक्कम थकवली, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते.

गोदामे आणि कारखाने नेमके एका ठिकाणी फसतात. 'माणसे ठेकेदाराची आहेत, आमचा संबंध नाही' हे उत्तर इथे चालत नाही. ठेकेदारामार्फत काम करून घेतले, तरी कायद्याच्या दृष्टीने मूळ मालकच मालक असतो. कामगारांना मंडळाच्या लाभांहून कमी नसलेले लाभ मिळत असतील, तर कलम २२ खाली शासनाकडे सूट मागता येते. ती गृहीत धरून नोंदणी टाळणे मात्र अंगाशी येते.

माथाडींच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांची उद्योगांची तक्रार खरी आहे आणि तिचा सर्वाधिक तोटा खऱ्या हमालालाच होतो. टोळीची नोंद मंडळाकडून तपासून घेणे आणि रोखीत काहीही न देणे, हा त्यावरचा हाताशी असलेला उपाय. नव्या श्रम संहितांनी २९ केंद्रीय कायदे एकत्र केले. माथाडी कायदा राज्याचा असल्याने त्या यादीत नाही. याच धर्तीवर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही कायदा झाला.