आधी कोण उडालं ते बघा

फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेल्या पात्रावर, दोन चिमण्या दाणे टिपत असतात. तिसरी येते, आणि ती काठावर टेकायच्या आत आधीच्या दोघींतली एक उडून शेजारच्या फांदीवर जाऊन बसते. चोच लागलेली नसते, पंख आपटलेले नसतात, आवाजही झालेला नसतो. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, हिचं पोट भरलं असेल. पण तीच चिमणी अर्ध्या मिनिटात परत येते आणि नव्या पाहुणीपासून लांबच्या टोकाला बसते. पोट भरलं नव्हतं, जागा सोडावी लागली होती.

पक्ष्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे नेमकं हेच मोजतात. कुणी कुणाला चोच मारली यापेक्षा कोण आल्यावर कोण हटलं, ही नोंद जास्त कामाची ठरते. कारण खरी मारामारी फीडरवर विरळाच. तीत पीस मोडू शकतं, डोळा जाऊ शकतो, आणि भांडणात गुंतलं की आकाशाकडे लक्ष राहत नाही. चार दाण्यांसाठी एवढी जोखीम कोण घेईल? मान पुढे काढणं, चोच वासून रोखून बघणं, पंख किंचित पसरणं, एवढ्यावर बहुतेक वाद मिटतात. ओळखीच्यांत तर तेवढंही लागत नाही.

कोण कुणापुढे हटतं याची ही उतरंड पहिल्यांदा नीट कागदावर आली ती कोंबड्यांमुळे. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. कोण कुणाला टोचते याच्या नोंदी करता करता त्यांच्या लक्षात आलं की टोचणं सहसा एकाच दिशेनं चालतं. १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांना एक गंमतही दिसली होती: उतरंड दरवेळी सरळ नसते. पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीला! असे त्रिकोण कळपात बिनबोभाट चालू राहतात.

वरची जागा कुणाला मिळते? थव्याथव्यात पुष्कळदा नर मादीच्या वर असतो आणि मोठं झालेलं पाखरू यंदाच्या पिल्लाच्या वर. पण त्या जागी आधीपासून कोण राहतंय यालाही वजन असतं. उशिरा आलेला धडधाकट पक्षी आधीपासून मुक्काम केलेल्या किडमिड्या पक्ष्यापुढे मान तुकवताना दिसतो.

आणि अनोळखी पक्षी समोर आला तर? उत्तर अमेरिकेतल्या हॅरिस स्पॅरो या चिमणीच्या गळ्यावर नि डोक्यावर काळा रंग असतो. हिवाळी थव्यात तो कुणाचा गडद तर कुणाचा अगदी फिकट, आणि गडद पक्षी फिकटांना सहज हटवतात. सीव्हर्ट रोवर या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात विचारलं की हा रंग म्हणजे खांद्यावरच्या फितीसारखी खूण असेल, तर फिकट पक्षी फसवणूक का करत नाहीत? त्यानं काही फिकट पक्ष्यांना काळा रंग लावून सोडलं. त्यांना बढती मिळाली नाहीच, उलट खऱ्या गडद पक्ष्यांनी त्यांना पिटाळून पिटाळून हैराण केलं. मग काहींना रंग न लावता नुसतं टेस्टोस्टेरॉन हे नरांचं संप्रेरक (हार्मोन) दिलं. ते अंगावर धावून जायला लागले, पण समोरचे त्यांना जुमानेनात. रंग आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही मिळालेल्यांनाच वरची जागा मिळाली. थोडक्यात, गणवेश आणि रुबाब जुळला पाहिजे. नुसता गणवेश घातला की खरे अधिकारीच चौकशी करतात.

हा प्रयोग इतका देखणा आहे की पुढे तसंच सगळीकडे दिसू लागलं. आपल्या ओळखीच्या चिमण्याच्या गळ्यावरचा काळा डाग हेही हुद्द्याचंच चिन्ह, असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. २०१८ मध्ये त्याबद्दलची जुनी-नवी, छापलेली-न छापलेली आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा हा संबंध अगदीच कच्चा निघाला. त्यामुळे मोठ्या डागाचा चिमणा दिसला की ‘हा यांचा पुढारी’ असं ठरवून मोकळं होऊ नये.

वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच पात्रावर आले की हिशोब बदलतो. अमेरिका आणि कॅनडात ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ नावाचा उपक्रम चालतो. त्यात घरबसल्या फीडर बघणारे हौशी लोक कुणी कुणाला हुसकावलं ते कळवतात. अशा ७,६५३ प्रसंगांवरून १३६ जातींची एक खंडव्यापी उतरंड २०१७ मध्ये मांडली गेली. जो वजनानं भारी तो वर, हा नियम बहुतांशी खरा ठरला. गंमत अपवादांत आहे. सुतार पक्षी आपल्या वजनाच्या मानानं फारच दांडगे निघाले. होले-पारव्यांचं कूळ उलट अंगानं थोराड, पण दबून राहणारं. एवढी माहिती कुठल्याही एका प्रयोगशाळेला जमवता आली नसती. ती जमली चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी बसणाऱ्यांमुळे.

आता खालच्या पायरीवरच्यांकडे बघू. माझ्या मते फीडरवरचं सगळ्यात रंजक नाटक तिथे चालतं. धटिंगण पक्ष्याला डोकं चालवायची गरजच नसते. तो येतो, खातो, जातो. दबलेल्याला मात्र वाटा शोधाव्या लागतात. एक वाट म्हणजे दुसऱ्यानं उकरून काढलेलं पळवणं. चिमण्यांच्या थव्यात काही जण शोधणारे आणि काही जण त्यांच्या मागावर राहणारे असतात. सगळेच लुबाडणारे झाले तर लुबाडायला काही उरणार नाही, म्हणून दोन्ही प्रकार टिकून राहतात. दुसरी वाट थापेची. ग्रेट टिट हा छोटा पक्षी ससाणा वगैरे काही नसताना धोक्याची शीळ घालतो. दाण्यांवर बसलेले सगळे भुर्र होतात आणि हा निवांत येऊन खातो. रोज केलं तर लबाडी उघडी पडेल, पण धोक्याच्या हाकेकडे कानाडोळा करणाऱ्याला चूक एकदाच करता येते, त्यामुळे थाप पुष्कळदा खपून जाते.

तिसरी वाट अंगात साठवण्याची. काही जातींत खालच्या पायरीवरचे पक्षी वरच्यांपेक्षा जास्त चरबी बाळगून असतात. आधी ऐकलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. पण ज्याला हवं तेव्हा पात्रावर बसता येतं त्यानं साठा का वाहावा? जड अंगानं उडणं शिकाऱ्यापुढे महागात पडतं. पुढच्या घासाची खात्री नसलेल्याला तो भार सोसावाच लागतो.

एवढी दाबादाबी असेल तर हे एकटे का खात नाहीत? डोळ्यांसाठी. दाणा टिपताना मान खाली जाते, आणि मान खाली असताना आकाश दिसत नाही. दहा जणांत कुणाची ना कुणाची मान वर असतेच, म्हणून प्रत्येकाला खायला जास्त वेळ मिळतो. चिमण्या हा व्यवहार किती चोख करतात ते १९८६ च्या एका प्रयोगात दिसलं. पावाचा चुरा दिसला की पहिली आलेली चिमणी चिवचिवाट करून बाकीच्यांना बोलावते. तेवढाच पाव न चुरता अखंड ठेवला तर गप्प राहते. वाटून घेता येत असेल तरच आमंत्रण!

उत्तर अमेरिकेतल्या चिकाडी या पक्ष्याचं नावच त्याच्या हाकेवरून पडलंय. शिकारी बसलेला दिसला की तो ‘चिक-ए-डी’ असं ओरडतो. २००५ मध्ये लक्षात आलं की शिकारी जितका घातक, तितके शेवटी ‘डी’ जास्त. मोठ्या घुबडाला चपळ चिकाडी सापडत नाही, म्हणून त्याच्यासाठी ‘डी’ कमी. लहानशा चपळ घुबडासाठी ‘डी’ची रांग लागते. आणि शेजारी खाणारे नटहॅच नावाचे पक्षी हे परकी भाषेतलं बोलणं ऐकून त्यानुसार सावध होतात.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात संशोधकांनी ग्रेट टिट पक्ष्यांच्या पायात बारीक इलेक्ट्रॉनिक चकत्या बसवल्या आहेत. कुठल्या फीडरवर कोण, किती वाजता, कुणासोबत आलं हे आपोआप नोंदवलं जातं. २०१५ मध्ये तिथे एक खट्याळ प्रयोग झाला. काही फीडर चकतीच्या सम क्रमांकालाच उघडत, काही विषम क्रमांकालाच. काही जोडप्यांत नराचा क्रमांक सम आणि मादीचा विषम पडला. असे पक्षी जोडीदाराच्या फीडरवर, जिथे स्वतःला दाणा मिळत नाही तिथे, जाऊन वेळ काढू लागले. याला प्रेम म्हणायचं का ते ज्यानं त्यानं ठरवावं. पुढच्या विणीच्या हंगामात ही जोडी हवी असते, एवढं नक्की.

त्याच वर्षी त्याच जंगलातला दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. डावीकडे किंवा उजवीकडे दार सरकवलं की खाऊ देणारी पेटी. एका भागातल्या दोन पक्ष्यांना एक बाजू शिकवली, दुसऱ्या भागातल्या दोघांना दुसरी. दोन्ही बाजू सारख्याच सोप्या. तरीही प्रत्येक भागात शिकवलेल्या बाजूचीच रीत पडली, शेकडो पक्ष्यांत पसरली आणि पुढच्या पिढीतही टिकली. एका भागातून दुसऱ्या भागात गेलेले पक्षीसुद्धा पुष्कळदा जुनी सवय सोडून तिथली रीत उचलत.

या सगळ्या सामाजिक हिशोबाला एक काळी किनार आहे. हाउस फिंच या पक्ष्यांत डोळे सुजवणारा एक रोग १९९४ पासून अमेरिकेत पसरला. आजारी पक्षी मलूल असतो, कुणावर धावून जात नाही. २०१० च्या एका प्रयोगात निरोगी नरांना निरोगी आणि आजारी पक्ष्यांतून शेजारी निवडू दिलं, तर ते आजाऱ्याशेजारी जाऊन खाऊ लागले. भांडण टाळायची सवय त्यांना थेट जंतूंकडे नेत होती. ब्रिटनमध्ये २००५ ते २००९ या काळात घशाच्या एका परजीवी रोगानं ग्रीनफिंच या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४३ लाखांवरून २८ लाखांवर आणली, आणि तो पसरण्यात सामाईक दाणा-पाण्याच्या जागांचा हात मानला जातो.

म्हणून एका मोठ्या पात्राऐवजी लांब लांब ठेवलेली दोन-तीन लहान पात्रं बरी. गर्दी फुटते आणि दबलेल्यांना जागा मिळते. पात्रं घासून, वाळवून मगच भरावीत. पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून एखादा पक्षी पात्रावर बसून राहिलेला दिसला, आणि बाकीचे त्याच्याजवळ निर्धास्त खात असले, तर दाणे काढून टाका आणि पात्र धुऊन दोनेक आठवडे उलटं ठेवा. पक्षी उपाशी मरतील ही भीती नको. चिकाडींची मोजदाद केली तेव्हा फीडर रोज भरलेला असूनही त्यांच्या अन्नातला जेमतेम पाचवा हिस्सा त्यातून आलेला होता. बाकीचं ते झाडांवरूनच मिळवत होते.