थिसलगॉर्म

थिसलगॉर्म : तांबड्या समुद्रात, सुएझच्या आखाताच्या तोंडाशी शाब अली या प्रवाळखडकाच्या आडोशाला बुडालेले ब्रिटिश मालवाहू जहाज. इजिप्तमधील शर्म अल् शेख आणि हुरघाडा या दोन्ही बंदरांतून स्कुबा डायव्हर येथे येतात. जगातील बुडीत जहाजांमध्ये डायव्हरांचे सर्वांत लाडके कोणते, असा विषय निघाला की हे नाव बहुधा पहिल्या काहींमध्ये येतेच. ‘थिसल’ हे स्कॉटलंडचे काटेरी राष्ट्रीय फूल आणि ‘गॉर्म’ म्हणजे गेलिक भाषेत निळा.

इंग्लंडमधील संडरलंड येथे बांधलेले हे सुमारे १२६ मीटर लांबीचे जहाज एप्रिल १९४० मध्ये पाण्यात उतरले. जहाज अल्बिन लाइन या कंपनीचे होते, पण युद्धकाळ असल्याने त्याच्यावर तोफा बसवून नौदलाचे गोलंदाजही दिले होते. चौथी सफर शेवटची ठरली. जून १९४१ मध्ये ते ग्लासगोहून निघाले. मुक्काम अलेक्झांड्रिया, माल उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश फौजांचा. भूमध्य समुद्रातून जाणे धोक्याचे असल्याने त्याने संपूर्ण आफ्रिकेला वळसा घातला आणि सप्टेंबरात सुएझच्या आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून ते पुढे जाण्याच्या परवानगीची वाट पाहत राहिले.

६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर क्रीट बेटावरून आलेल्या जर्मन हाइंकेल विमानांना ते दिसले. बॉम्ब वराम्याकडच्या, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाकडच्या, माल ठेवण्याच्या चौथ्या कोठीवर पडले आणि नेमका तिथेच दारूगोळा भरलेला होता. स्फोटाने जहाजाचा मागचा भाग फाटून वेगळा झाला. डेकवर बांधलेली दोन वाफेची रेल्वे इंजिने उडून समुद्रात पडली. ती आजही जहाजाच्या दोन बाजूंना वाळूत आहेत. नऊ जण मेले : चार खलाशी आणि पाच गोलंदाज. अँगस मॅक्ले नावाचा बॉयलरवरचा कामगार पेटलेल्या डेकवरून परत धावत गेला आणि एका जखमी गोलंदाजाला घेऊन आला. या धाडसासाठी त्याला जॉर्ज मेडल मिळाले. बचावलेल्यांना एचएमएस कार्लाइल या युद्धनौकेने उचलले. जवळच नांगरलेले रोझली मोलर हे कोळशाचे जहाजही दोन दिवसांत अशाच हल्ल्यात बुडाले, पण ते अधिक खोलीवर असल्याने तिकडे जाणारे थोडे.

१९५० च्या दशकात फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांनी स्थानिक मासेमारांच्या सांगण्यावरून हे जहाज शोधले. जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल त्यांनी वर काढली. छायाचित्रे प्रसिद्ध झाली, जागा मात्र नीट कळली नाही. पर्यटकांची रीघ लागली ती १९९० च्या दशकात.

लोक येतात ते कोठ्यांमधल्या मालासाठी. तळ सुमारे ३० मीटरवर असून जहाजाचा मोठा भाग जवळजवळ सरळ उभा आहे, तुटलेला वरामा तेवढा कुशीवर कलला आहे. कोठीत शिरल्यावर टॉर्चच्या उजेडात आधी ट्रकांच्या रांगा दिसतात. ट्रकांच्या पाठीवर बीएसए आणि नॉर्टन मोटारसायकली दाटीवाटीने उभ्या केलेल्या. टायरचे रबर अजून शाबूत, सीटवर गाळाचा थर, हँडलच्या मधून काचमाशांचे थवे सरकतात. बाजूला रबरी गमबुटांचा ढीग, रायफलींचे एकमेकींना चिकटून गेलेले गठ्ठे, विमानांचे सुटे भाग. युद्धाला निघालेला माल पोहोचलाच नाही आणि आहे तिथे, रचला तसा राहिला. हे दृश्य वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवलेल्या मोटारसायकलीपेक्षा फार वेगळे आहे, कारण इथे ती ज्या कामासाठी लादली गेली त्या जागेवरच आहे.

ही डाइव्ह नवशिक्यांची नव्हे. प्रवाह जोरदार असतो. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, त्यामुळे सिलिंडरमधली हवा चौपट वेगाने संपते. त्या खोलीसाठी पुढच्या टप्प्याचे प्रशिक्षण लागते.

जहाज मात्र झिजते आहे आणि त्यात डायव्हरांचाच मोठा हात आहे. गर्दीच्या दिवशी अनेक बोटी आपले दोर थेट जहाजाच्याच लोखंडाला बांधत आल्या आहेत. लाटांबरोबर बोट ओढ घेते आणि जुने लोखंड वाकते, तुटते. मोटारसायकलींचे सुटे भाग आठवण म्हणून काढून नेले गेले. नऊ जणांच्या मृत्यूच्या जागेवरून वस्तू उचलणे ही साधी चोरीच आहे, तिला दुसरा शब्द नाही. नुकसानीचा तिसरा प्रकार लक्षात येण्याजोगा नाही : डायव्हरांनी सोडलेले श्वासाचे बुडबुडे कोठीच्या छताखाली अडकून हवेचे कप्पे तयार होतात आणि तिथले लोखंड लवकर गंजते. २००७ मध्ये हेप्का या इजिप्शियन पर्यावरण संस्थेने ही हवा निसटावी म्हणून पत्र्यात भोके पाडली आणि बोटींचे दोर बांधण्यासाठी स्वतंत्र सोय केली. ती सोय फार टिकली नाही.

२०१७ मध्ये संशोधकांनी २४ हजारांहून अधिक छायाचित्रे घेऊन संपूर्ण जहाजाचे आणि भोवतीच्या तळाचे त्रिमितीय प्रारूप तयार केले. त्यामुळे पुढे कोणता पत्रा खचला, कोणती मोटारसायकल हलवली गेली, हे त्या नोंदीशी ताडून पाहता येते.